सूप येईपर्यंत

तिसऱ्यांदा पाणी आलं, पण सूप काही आलं नाही.

वेटरनं आठ भरलेल्या पेल्यांच्या शेजारी आणखी चार भरलेले पेले मांडले आणि मोठं काम उरकल्यासारखा टेबलाशेजारी उभा राहिला.

"सूप सांगितलं होतं आम्ही," कारखान्याचे मालक हसून म्हणाले. हसू ओठांपुरतंच होतं.

"हो साहेब. सूप." वेटरनं तो शब्द तोंडात जरा घोळवला. "किती?"

"चार. मघाशीही चारच होते."

वेटर खुर्चीच्या पाठीला धरून वळला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. पलीकडच्या टेबलावरचा एक जण आपल्या सोबत्याला म्हणाला, "भर दुपारी टाकून आलाय वाटतं." दोघं हसले.

मिस्त्री हसले नाहीत. ते वेटरच्या पायांकडे बघत होते. प्यायलेल्या माणसांचे पाय त्यांनी पुष्कळ पाहिले होते. प्यायलेला माणूस झोक गेला की सावरतो, निदान सावरल्याचा आव तरी आणतो. या माणसाला झोक गेल्याचं कळलंच नव्हतं.

मिस्त्री म्हणजे बॉयलरचे मिस्त्री. अकरा माणसांच्या त्या दुरुस्तीच्या कारखान्यात ते एकोणतीस वर्षं होते. मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं, तेव्हा आताचे मालक शाळेच्या दप्तरासकट कारखान्यात येऊन ऑफिसातल्या टेबलाखाली बसायचे. लाँड्र्या, वसतिगृहं, बेकऱ्या, दवाखाने, जिथं म्हणून पाणी तापतं तिथं मिस्त्रींचा हात लागलेला होता. बोलणं बेताचं. पण जे बोलायचे ते नको तिथं बोलायचे, अशी मालकांची तक्रार होती. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकासमोर ते म्हणाले होते, "हा बॉयलर दुरुस्त करू नका, भंगारात काढा." गिऱ्हाईक बॉयलरसकट गेलं होतं.

म्हणून आज गाडीतच मालकांनी बजावलं होतं, "मिस्त्री, हे काम मिळालं नाही तर मला चार माणसं कमी करावी लागतील. तुम्हाला माहीत आहे कोण चार. बाईंनी विचारलं तर उत्तर द्या. नाही विचारलं तर जेवा."

बाई म्हणजे सहा दवाखान्यांच्या खरेदी अधिकारी. सहाही ठिकाणचे बॉयलर बघायचं काम त्या कुणाला तरी देणार होत्या. त्यांच्याबरोबर त्यांचा इंजिनिअर होता, जाड चष्म्याचा, मिस्त्रींपेक्षाही अबोल. जेवणाची कल्पना मालकांची. हॉटेलही त्यांनीच निवडलं होतं, कारण ते महिन्याभरापूर्वी नव्यानं सजवून उघडलं होतं आणि बाईंच्या ऑफिसपासून चालत जाण्याजोगं होतं.

मिस्त्रींच्या बायकोनं त्यांचा पांढरा शर्ट सकाळी दोनदा इस्त्री केला होता. "सूप पिताना आवाज करू नका," ती म्हणाली होती. "आणि नखं बघा एकदा." नखांतली काजळी काही निघाली नव्हती. मिस्त्रींनी हात मांडीवर ठेवले होते.

आत शिरतानाच त्यांना एक गोष्ट खटकली होती. बाहेरचं काचेचं दार उघडेना. मालकांनी एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा ते फुसकन आवाज करून उघडलं आणि थंडीतली हवा त्यांच्या पाठोपाठ आत घुसली. कुणीतरी आतून श्वास ओढून घ्यावा तशी. "दार जड आहे," मालक बाईंना म्हणाले. मिस्त्रींना माहीत होतं की दार जड नाही, आत हवा कमी आहे.

आता बसल्याबसल्या ते बाकीचं बघत होते. थंडीचे दिवस म्हणून खिडक्या बंद. नुसत्या बंद नव्हत्या, नव्या सजावटीत कडेनं सील करून टाकलेल्या. काचांना आतून घाम आला होता आणि त्याचे ओघळ खालच्या लाकडावर उतरत होते. स्वयंपाकघरातून मोठ्या पंख्याची घरघर येत होती. गल्ल्यावरची बाई कपाळ तळहातावर टेकून बसली होती. समोर एक गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं होतं, तरी तिनं मान वर केली नाही.

"आज सगळेच झोपेत आहेत की काय इथं?" बाई म्हणाल्या. चिडून नाही, पण मालकांचा चेहरा पडला.

"मी बघतो," म्हणून मालक उठायला लागले, तेवढ्यात मिस्त्री उठले. "हात धुऊन येतो," ते म्हणाले.

हात धुवायची जागा स्वयंपाकघराशेजारच्या बोळात होती. बोळाच्या टोकाला लोखंडी दार होतं. ते अर्धवट उघडं होतं आणि त्यातून पायऱ्या खाली तळघरात उतरत होत्या. खालून दमट, कोमट हवा वर येत होती. दाराच्या वरच्या चौकटीला, नव्या पांढऱ्या रंगावर, एक करडा पट्टा उमटला होता. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली. रंग महिन्याभराचा आणि काजळी लागायला सुरुवातही झालेली.

वेटर तिथंच भिंतीला टेकून उभा होता. डोळे मिटलेले.

"बरं नाही का?" मिस्त्रींनी विचारलं.

तो दचकला. "काही नाही काका. डोकं ठणकतंय. आणतो सूप."

"कधीपासून ठणकतंय?"

"आठ दिवस झाले. सकाळी येतो तेव्हा ठीक असतं. दुपार झाली की सुरू. घरी गेलं की थांबतं."

"सुटीच्या दिवशी?"

वेटरनं आठवून बघितलं. आठवायला त्याला वेळ लागला. "सुटीला काही नसतं. मॅनेजर म्हणतात, कामाचं नाव काढलं की तुमची डोकी दुखतात. पण सगळ्यांचीच दुखतात हो. गल्ल्यावरच्या ताईंचं दुखतं. खाली भांड्यांवर मावशी आहे, ती तर सकाळपासून दोनदा ओकली."

"खाली अजून काय आहे?"

"बॉयलर आहे. आणि भांडी घासायचं."

"आणि हा पंखा? नवा आहे?"

"नवाच. आठ-दहा दिवसांपूर्वी बसवला. धूर खूप ओढतो."

वेटर स्वयंपाकघरात गेला.

त्यांना आता सगळं कळलं होतं. गोष्ट साधी होती. पंखा हवा बाहेर फेकतो. फेकलेल्या हवेच्या जागी बाहेरून दुसरी यायला हवी. खिडक्या सील, दार बंद, कुठं फट नाही. मग पंखा हवा ओढतो ती बॉयलरच्या धुराड्यातून. वर जाणारा धूर उलटा फिरतो आणि तळघरात साठतो. त्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्यानं खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस सुस्तावतो, विसरायला लागतो, आळशी दिसतो. मग बसतो. मग उठत नाही.

हे मिस्त्री पुस्तकात शिकले नव्हते. बावीस वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या लाँड्रीत ते पंप बघायला गेले होते. तिथल्या दोन बायका कपड्यांच्या ढिगावर बसून होत्या आणि मुकादम त्यांना आळशी म्हणून शिव्या घालत होता. त्यातली एक मिस्त्रींना म्हणाली होती, "दादा, इथं आलं की डोकं धरतं, जरा त्या बॉयलरकडे बघा ना." शनिवार होता, पाच वाजून गेले होते. मिस्त्री म्हणाले होते, "सोमवारी बघतो." सोमवारी ते गेले तेव्हा एकच बाई होती. दुसरी रविवारी जादा कामावर आली होती. तिला उचलून नेताना ज्यांनी पाहिलं ते सांगत, चेहरा इतका टवटवीत होता की झोपलीय असंच वाटलं.

मिस्त्री टेबलाशी परत आले आणि मालकांच्या कानाशी वाकले.

"इथून निघायला पाहिजे. धुराडं उलटं मारतंय. हवेत गॅस आहे."

मालकांनी नाकानं हुंगून बघितलं. "वास नाही येत."

"याला येत नाही."

"मिस्त्री," मालक हसतमुखानं, पण दातांमधून म्हणाले, "आत्ता नको. बाई आत्ता कुठं मुद्द्यावर आल्यात. जेवण होऊ दे, जाताना मॅनेजरला सांगू."

"खाली एक बाई आहे, साहेब. आठ दिवस सगळ्यांची डोकी दुखतायत इथं."

"आठ दिवस आहे ना? मग अर्ध्या तासानं काय होणारेय? बसा. मी हात जोडतो, बसा."

टेबलाआड त्यांनी मिस्त्रींचा हात धरला होता. मिस्त्रींना तो टेबलाखाली बसणारा मुलगा आठवला, कामावरून जाणारी चार माणसं आठवली. त्यातला एक त्यांचाच मेहुणा होता. आपली चूकही होत असेल, असंही त्यांच्या मनात आलं. मोजायचं यंत्र बरोबर नव्हतं. नुसती काजळी आणि डोकेदुखी.

ते बसले. गल्ल्याच्या वरच्या घड्याळात दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती.

सूप आलं. चार वाट्या आल्या, चमचे तीनच आले. मिस्त्रींच्या वाटीला चमचा नव्हता.

"चमचा राहिला," मालक वेटरला म्हणाले.

"आणतो," वेटर म्हणाला आणि गेला.

बाई बोलत होत्या. सहा दवाखान्यांपैकी दोन फार जुन्या इमारतीत आहेत, आधीच्या कंत्राटदारानं नुसत्या कागदांवर सह्या केल्या, हिवाळ्यात वॉर्डांत गार पाणी. मालक योग्य त्या ठिकाणी मान हलवत होते. इंजिनिअर चष्मा काढून डोळे चोळत होता. मिस्त्री आपल्या वाटीकडे बघत होते. सुपावर हळूहळू साय धरत होती.

"तुम्हीच जाणार का प्रत्यक्ष कामाला?" बाईंनी एकदम त्यांनाच विचारलं.

"हो."

"जुन्या इमारतीत गेल्यावर सगळ्यात आधी काय बघाल?"

मालकांचं पाऊल टेबलाखाली मिस्त्रींच्या बुटाला लागलं.

"धुराडं," मिस्त्री म्हणाले.

"बॉयलर नाही?"

"बॉयलर नंतर. आधी धूर कुठं जातो ते. मग हवा कुठून येते ते." ते थांबले. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. "तिथं काम करणाऱ्यांना विचारतो, डोकं दुखतं का."

इंजिनिअरनं मान वर केली.

"आमचे मिस्त्री म्हणजे डॉक्टरच," मालक घाईनं म्हणाले आणि हसले. "आधी नाडी बघतात." बाईही हसल्या, आणि बोलणं वर्षातून किती वेळा तपासणी करायची यावर गेलं. जिभेवरचं वाक्य मिस्त्रींनी गिळलं. ते कसं गिळलं गेलं हे त्यांना पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. कुणी तोंड दाबलं नव्हतं. समोर तीन माणसं बसली होती आणि बोलणं चाललं होतं, एवढंच.

चमचा आला नाही. सूप उचलून नेऊन मुख्य जेवण आलं, भाजलेला मासा आणि बटाटे, तर काटे-सुऱ्या आल्या नाहीत. चार बशा चौघांपुढे वाफाळत राहिल्या.

"हद्द झाली," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन बोटांनी कानशील दाबलं. "भुकेनं माझंही डोकं दुखायला लागलं."

मालकांनी मॅनेजरला बोलावलं. गळ्यात टाय, अंगावर लोकरी कोट, चेहऱ्यावर घाम. "माफ करा साहेब. काटे खाली धुवायला गेलेत, वर आलेच नाहीत." मग बोळाच्या दिशेनं त्यानं वेटरला आवाज दिला, "अरे, मावशीला हाक मार ना."

"मारली," वेटर बोळाच्या तोंडाशी भिंत धरून उभा होता. "केव्हापासून मारतोय. नळ चालू आहे. मावशी ओ देत नाहीये."

मिस्त्रींची खुर्ची मागं पडली. आपण उठलो कधी हे त्यांना आठवत नाही. त्यांना घड्याळ आठवतं. दोन वाजून वीस मिनिटं. ते बसल्याला अकरा मिनिटं झाली होती.

"सगळ्यांनी बाहेर व्हा," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. मग त्यांनी तो मोठा केला. "हवेत विषारी गॅस आहे. सामान राहू द्या. बाहेर व्हा."

लोक माना वर करून इकडेतिकडे बघू लागले. धूर नव्हता, वास नव्हता, आग नव्हती. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक काळवंडल्या नखांचा माणूस ओरडत होता. कुणी उठेना.

"तुम्ही कोण?" मॅनेजर आडवा आला. "काय तमाशा चालवलाय? गिऱ्हाइकं घाबरवताय?"

"बॉयलरचा मिस्त्री आहे. बाजूला व्हा."

मिस्त्री दाराकडे गेले, दोन्ही हातांनी ते बाहेर ढकलून उघडलं आणि पडलेली खुर्ची मध्ये सरकवली. बाहेरची हवा इतक्या जोरात आत आली की जवळच्या टेबलांवरचे कागदी रुमाल उडाले. ते उडताना बघून मात्र लोक उठले. आधी बाई, मग त्यांच्या मागं सगळेच.

"साहेब, दार धरून ठेवा," मिस्त्री मालकांना म्हणाले. मालक पांढरेफटक पडले होते. त्यांनी दार धरलं. "बाई, अँब्युलन्स बोलवा. आणि तो पंखा बंद करा कुणीतरी."

लोखंडी दाराशी येऊन त्यांनी दोनदा छाती भरून श्वास घेतला. तोंडाला ओला रुमाल बांधून या वायूपुढं काही चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. श्वास कोंडून घ्यायचा, एवढंच हातात असतं. ते खाली उतरले.

सतरा पायऱ्या. खाली पिवळा दिवा. बॉयलरच्या झडपेमागं ज्योत निळी असायला हवी ती पिवळी, लांबट, जिभेसारखी हलत होती. त्यांनी गॅसचा कॉक बंद केला. भांड्यांच्या हौदातून पाणी वाहून फरशीवर आलं होतं आणि त्या पाण्यात, भिंतीला पाठ लावून, एक पन्नाशीची बाई बसली होती. रबराचे हातमोजे घातलेले. मांडीवर काटे-चमच्यांची जाळी. गाल लाल होते.

मिस्त्रींनी तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. ती जड होती आणि त्यांची छप्पन्न वर्षं त्यांना पाचव्या पायरीवरच कळली. सहाव्या पायरीवर त्यांना श्वास घ्यावाच लागला. घेतला, आणि डोक्यात कुणीतरी घण घातल्यासारखं झालं. दिवा दोन दिसायला लागला. तेवढ्यात वरून कुणीतरी उतरलं आणि बाईचे पाय उचलले गेले. चष्मेवाला इंजिनिअर होता. गाल फुगवून, श्वास कोंडून. दोघांनी एक शब्दही न बोलता तिला वर आणलं आणि रस्त्यावर, कुणाच्या तरी कोटावर निजवलं.

बाहेर फुटपाथवर वेटर बसून ओकत होता. गल्ल्यावरची बाई रडत होती, का ते तिलाच कळत नव्हतं. मावशीचे हातमोजे काढायला मिस्त्रींना बराच वेळ लागला. आतून बोटं पाण्यानं सुरकुतली होती. श्वास चालला होता, पण दोन श्वासांत फार अंतर होतं. पुढचा येईपर्यंत मिस्त्री आपला धरून ठेवत होते.

अँब्युलन्सनं तिला आणि वेटरला नेलं. मिस्त्रींनाही नेलं, दोन तास नाकाला नळी लावून ठेवलं आणि घरी सोडलं. वेटर तिसऱ्या दिवशी बरा होऊन घरी गेला. मावशी चौथ्या दिवशी पहाटे गेली. शुद्धीवर आलीच नाही.

हॉटेलला सील लागलं. हॉटेलच्या मालकावर आणि मॅनेजरवर खटला भरला गेला. तपासनीस येऊन गेले आणि त्यांच्या अहवालात पंखा, खिडक्या आणि धुराडं सगळं मिस्त्रींनी सांगितल्यासारखंच आलं.

काम त्यांच्या कारखान्याला मिळालं. बाईंनी फोन करून सांगितलं, "एकच अट आहे. आमच्याकडे तोच माणूस यायला हवा." मालकांनी त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढ्यांऐवजी केक वाटला, कारण पेढे बरे दिसले नसते असं त्यांना वाटलं. आणि येईल त्याला ते ती गोष्ट सांगू लागले. "मिस्त्री माझ्या कानात म्हणाले, गॅस आहे. आणि आम्ही तिथल्या तिथं उठलो. एक क्षण घालवला नाही. हॉल रिकामा केला." सांगताना ते मिस्त्रींकडे बघायचे नाहीत. पहिल्या वेळी आवाज जरा अडखळला होता. चौथ्या-पाचव्या वेळी अडखळेनासा झाला. मिस्त्रींना वाटलं, माणूस खोटं बोलत नाहीये, त्याला आता तसंच आठवतंय.

मेहुण्याची नोकरी राहिली. मिस्त्रींच्या बहिणीनं त्यांच्या बायकोला फोन करून सांगितलं की दादानं आमचं घर वाचवलं.

बायकोला मिस्त्रींनी एका संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. ती हातातलं काम ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तुम्ही एकटे तरी उठलात ना. बाकीचे बसूनच राहिले असते."

"मी पण बसलो होतो."

"डॉक्टरांना विचारलंत? अकरा मिनिटांनी काही फरक..."

"विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही."

"मग?"

"मग सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाले.

महिन्यानं एका रविवारी त्यांनी वेटरकडून पत्ता घेतला आणि गेले. मावशी आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बहिणीला गुडघ्यांमुळं चालवत नव्हतं. दार उघडायला तिला वेळ लागला. धाकटीचे कपडे पलंगावर काढून तिनं दोन ढीग केले होते, एक देऊन टाकायचा, एक ठेवायचा. ठेवायचा ढीग मोठा होता.

"या. तुम्हीच ना ते, तिला वर आणणारे? सांगितलं मला लोकांनी." तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुम्ही होतात म्हणून चार दिवस तरी मिळाले. हात धरून बसायला मिळालं मला."

मिस्त्रींनी पाण्याला हात लावला नाही. "ताई, मला एक सांगायचंय. तुम्ही ऐकलंय ते पूर्ण नाही."

त्यांनी सांगितलं. दार, काजळी, वेटर काय म्हणाला ते. खाली बाई आहे हे माहीत असताना आपण परत जाऊन बसलो हे. सूप आलं, चमचा आला नाही, आणि आपण बघत बसलो हे. मालकांनी हात धरला होता हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर अर्धं ओझं दुसऱ्यावर गेलं असतं, आणि ते त्यासाठी आले नव्हते.

बहीण ऐकत होती. हातातल्या स्वेटरची बाही तिनं सरळ केली, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

"हो."

"घड्याळात बघितलंत?"

"हो."

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

"माझ्याकडून माफी नका मागू," बहीण म्हणाली. "मला देता येणार नाही. नाही म्हणताही येणार नाही."

"मागायला नाही आलो. तुम्हाला कळायला हवं म्हणून आलो."

"तिनं मला सांगितलं होतं, डोकं दुखतं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल." बहिणीनं स्वेटर शेवटी ठेवायच्या ढिगावर ठेवला. "आठ दिवस म्हणत होती. मी आठ दिवस चष्म्याचंच धरून बसले."

मिस्त्री उठले. दारापर्यंत गेले तेव्हा ती मागून म्हणाली, "थांबा जरा."

ते थांबले.

"आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे. जुना आहे. खिडकी थंडीची मी कापड कोंबून बंद करते." ती थांबली. "बघता का?"

मिस्त्रींची हत्यारांची पिशवी रविवारीही खांद्यालाच असायची. त्यांनी ती उतरवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि न्हाणीघरात जाऊन गुडघ्यांवर बसले. आधी त्यांनी खिडकीतलं कापड ओढून काढलं. मग गीझरचा पत्रा सोडवायला घेतला. आत अंधार होता.

बहीण भिंतीला धरत धरत आली. टॉवेलच्या खुंटीवरची बॅटरी तिनं काढली, पेटवली, आणि त्यांच्या खांद्यावरून आत धरली.

"दिसतंय?"

"जरा वर," मिस्त्री म्हणाले.

तिनं जरा वर धरली. उभं राहवत नव्हतं, तरी शेवटचा स्क्रू पुन्हा घट्ट होईपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.